मोलेसरशास्त्री आणि कोडी घालणारी कोंबडी

आपल्या मंडळाच्या अंकात चरित्रलेख म्हटला की नावं जवळजवळ ठरलेली असतात. फादर स्टीफन्स, रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई. मी कॅथलिक, त्यात साहित्याची विद्यार्थिनी, म्हणजे यंदा फादर स्टीफन्सची पाळी असं बऱ्याच जणांनी धरूनच चाललं होतं. मलाही ते आवडतात. पण मराठी वाचायची चटक मला ज्या माणसामुळे लागली, त्याने ना पुराण लिहिलं ना अभंग. त्याने शब्दकोश केला. जेम्स टॉमस मोल्सवर्थ, जन्म १७९५, मृत्यू १८७१. आपल्या पंथाचा नव्हता, प्रॉटेस्टंट होता. आणि त्याआधी तर चक्क पलटणीतला होता.

एक आधीच सांगून टाकते. या लेखात मी त्याला एकेरीतच संबोधणार आहे. ज्याचं पुस्तक रोज रात्री झोपण्याआधी उघडते त्याला अहो-जाहो करायला जीभ वळत नाही. तुकारामांना आपण तुका म्हणतोच की.

शब्दकोशाचं वेड लागायला माझं गावही कारण आहे. मी तलमडुगुची. आदिलाबाद जिल्ह्यातलं हे मंडलाचं गाव तेलंगणात आहे, पण महाराष्ट्राची हद्द इतकी जवळ की आमच्या सोयरिकी तिकडच्या आणि रेशनकार्ड इकडचं. घरात मराठी. चर्चमध्ये मिस्सा तेलुगूत. बाजारात तेलुगू, दखनी, गोंडी, ज्याला जे येईल ते. अशा घरातल्या पोरांना शब्दांशी खेळायला वेगळं खेळणं आणून द्यावं लागत नाही. गावाच्या नावापासूनच सुरुवात. तेलुगूत तल म्हणजे डोकं आणि मडुगु म्हणजे डोह. मराठी कानाला मात्र तल ऐकलं की तळ आठवतो. तीच अक्षरं, तिकडे सगळ्यात वर, इकडे सगळ्यात खाली. तेलुगूत गोड म्हणजे भिंत, म्हणून आम्ही भावंडं एकमेकांना भिंत चाटून बघायला सांगायचो. तेलुगूत पालु म्हणजे दूध, आणि मराठीत पाल म्हणजे काय हे ठाऊक असूनही घरात रोज सकाळी कुणीतरी पाल तापवली का असं विचारायचंच.

पण सगळ्यांत लाडका शब्द कोडी. तेलुगूत कोडी म्हणजे कोंबडी. मराठीत कोंबड्या अंडी घालतात आणि माणसं कोडी घालतात. आमच्या अंगणात दोन्ही चालायचं. आजी तांदूळ निवडता निवडता एकापाठोपाठ एक कोडी घालायची, आणि ज्याला उत्तर आलं नाही त्याने संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात कोंडायच्या असा नियम होता. मला कोंबड्या कोंडायचा फार कंटाळा, त्यामुळे माझी कोड्यांची तयारी पक्की असायची.

वाचायला काय होतं? आत्याच्या पत्र्याच्या पेटीत चांदोबाचे जुने अंक होते, मराठीतले थोडे आणि तेलुगूतले जास्त. हे मासिक तेलुगू आणि तमिळमध्ये १९४७ साली सुरू झालं, मराठी चांदोबा १९५२ साली आला. गंमत अशी की चित्रं तीच असायची, फक्त अक्षरं बदलायची. खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला विक्रम दोन्हीकडे त्याच पायाने पुढे आणि वेताळ दोन्हीकडे तसाच लोंबकळत. एकाच महिन्याचे दोन अंक सापडले की आम्ही ते शेजारी शेजारी उघडायचो आणि एका भाषेतला मजकूर हाताने झाकून दुसरीत काय असेल ते ओळखायचो. वेताळाच्या प्रश्नाचं उत्तर विक्रमाला नेहमी यायचं. आमचं मात्र एखाद्या शब्दापाशी अडायचं, आणि घरात शब्दकोश नव्हता. पप्पा मराठी पेपरातलं शब्दकोडं रोज सोडवायचे, तेही दोन-तीन चौकोन रिकामे सोडून. त्या रिकाम्या चौकोनांचा मला खरंच त्रास व्हायचा.

कॉलेजात आल्यावर मोबाइलवर मोल्सवर्थ सापडला. सापडला, कारण तोपर्यंत माझं मराठी जरा खचलं होतं. एका आंतरमहाविद्यालयीन निबंध स्पर्धेत मी वावर हा शब्द लिहिला होता. आमच्याकडे शेताला वावरच म्हणतात. परीक्षकांनी त्या शब्दाखाली रेघ ओढून शेजारी शेत असं दुरुस्त करून दिलं होतं, आणि खाली बोलीभाषा टाळावी असा शेरा. मले, तुले हे मी हॉस्टेलमध्ये पहिल्या महिन्यातच सोडून दिलं होतं. पण वावर मला सोडवेना. तो चुकीचा शब्द आहे का, हे बघायला शोधाशोध केली, आणि दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका इंग्रजाने तो छापून ठेवलेला दिसला. शेताच्या बरोबरीने, स्वतःच्या जागेवर. हा माणूस कोण, हे तेव्हा मी पहिल्यांदा शोधलं.

मोल्सवर्थ हिंदुस्थानात आला १८१२ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल व्हायला. वय सोळा-सतरा. म्हणजे आपल्यातले जे आत्ता अकरावी-बारावीत आहेत त्यांच्याएवढा. तेव्हा पुण्यात अजून पेशवा होता. सहा वर्षांनी पेशवाई गेली, मोठा मराठी मुलूख कंपनीकडे आला आणि गोऱ्या अधिकाऱ्यांना मराठी येणं ही चैन न राहता गरज झाली. महसुलाचे कागद मराठीत, तक्रारी मराठीत, साक्षी मराठीत. शिकायला साधनं काय? विल्यम केरीचा कोश १८१० साली श्रीरामपूरला निघाला होता, त्यात मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले. व्हान्स केनेडीचा कोश १८२४ साली मुंबईत निघाला. दोन्ही कामाचे, पण ओंजळभर. ज्याला गावच्या पाटलाशी किंवा पाणक्याशी बोलायचं आहे त्याला ते पुरे पडण्यासारखे नव्हते.

मोल्सवर्थ नोकरीत असतानाच शब्द टिपायला लागला होता. पुढे १८२०च्या दशकात मुंबई सरकारने कोशाचं काम रीतसर त्याच्याकडे सोपवलं आणि कँडी आडनावाचे दोन भाऊ, टॉमस आणि जॉर्ज, त्याच्या मदतीला आले. यातला टॉमस कँडी तुम्हाला दुसऱ्या कारणाने भेटलेला असेल. मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह वगैरे रुळवण्याचं श्रेय त्याला देतात, आणि त्याने विरामचिन्हांवर पुस्तिकाही लिहिली. परीक्षेत विरामचिन्हांचे गुण कापले गेले तर कुणाला बोल लावायचा ते आता कळलं.

इथे एक गोष्ट सरळ म्हटली पाहिजे. सरकारने या कामाला पैसा दिला तो मराठीवरच्या प्रेमापोटी नाही. राज्य करायचं होतं, आणि ज्यांच्यावर करायचं त्यांचं बोलणं कळल्याशिवाय ते नीट होत नाही. साहित्याच्या वर्गात आपण हे शिकतो आणि ते खरं आहे. पण कोश वाचताना मला दुसरीही एक गोष्ट दिसते. राज्य करायला जेवढे शब्द लागतात तेवढ्यावर हा माणूस थांबलेला नाही. महसूल, दावा, जामीन हे शब्द त्याला लागणारच होते. पण पाण्याच्या आवाजाचे इतके प्रकार, लेकरांचे खेळ, बायकांचे उखाणे, पिठाच्या, दोरीच्या, बैलाच्या चालीच्या बारीकसारीक तऱ्हा, हे कुठल्या कलेक्टरला हवं होतं? इथे कामाची हद्द संपते आणि चटक सुरू होते. पप्पांच्या शब्दकोड्यासारखीच.

हे सगळं एकट्या मोल्सवर्थचं नव्हे, हेही सांगायलाच हवं. शास्त्री शब्द आणून देत, त्यांची छाननी करत, अर्थ पारखत. त्याच सुमारास, १८२९ साली, सरकारच्याच आश्रयाने शास्त्रीमंडळींचा मराठी-मराठी कोशही प्रसिद्ध झाला, महाराष्ट्र भाषेचा कोश या नावाने. तो करणाऱ्यांची नावं इथे मुद्दाम लिहिते, कारण ती आपल्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत क्वचितच येतात: जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, दाजीशास्त्री शुक्ल, सखाराम जोशी आणि परशुरामपंत गोडबोले. यांतल्या गोडबोल्यांनी पुढे नवनीत हा जुन्या मराठी कवितेचा संग्रह केला, १८५४ साली. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी त्यातून मोरोपंत-वामन वाचले.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली बाहेर पडला. शब्द सुमारे चाळीस हजार. चाळीस हजार हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून मी एक हिशोब करून बघितला. रोज दहा नवे शब्द शिकले आणि एकही दिवस खाडा केला नाही, तरी जवळजवळ अकरा वर्षं लागतील. त्याने शिकून, तपासून, अर्थ लावून छापायला दिले ते वयाच्या छत्तीसाव्या वर्षाच्या आत. संगणक नाही, टाईपरायटर नाही, विजेचा दिवा नाही.

आता कोश उघडल्यावर काय दिसतं ते सांगते, कारण मोल्सवर्थचं खरं चरित्र त्यात आहे. त्याच्या आयुष्याच्या तारखा दोन मिनिटांत सांगून होतात. त्याचा स्वभाव कळायला डोळा हा एक शब्द बघा. डोळा म्हणजे काय ते एका ओळीत सांगून पुढे जाता आलं असतं. पण मग डोळा लागणं, डोळा मारणं, डोळे वटारणं, डोळे पांढरे होणं, डोळ्यांत धूळ फेकणं यांचं काय करायचं? तो एकेक गोळा करत जातो आणि नोंद लांबतच जाते. तोंड, हात, पोट यांचंही तेच. लागणे, घालणे, मारणे असल्या रोजच्या क्रियापदांवर तर तो इतका रेंगाळतो की वाटतं, याला पुढच्या पानावर जायचंच नाही. भूक लागते, ठेच लागते, नाद लागतो, दार लागतं, वेळ लागतो, आणि आंबा गोड लागतो. आपण हे सगळं दिवसातून पन्नास वेळा बोलतो आणि यात काही विशेष आहे असं आपल्या मनातही येत नाही. परक्या माणसाला ते दिसलं.

माझे सगळ्यांत आवडते शब्द मात्र आवाजांचे. खळखळ, झुळझुळ, खडखड, गडगड, तडतड, फडफड, कुरकुर. आवाजाच्या नकलेतून झालेले शब्द त्याने तशी खूण करून नोंदवलेत आणि एकाचा दुसऱ्याशी घोळ होऊ दिलेला नाही. कॉमिक्समध्ये मोठ्या तिरक्या अक्षरांत जे धडाम आणि खळ्ळ असतं, ते नोंदवायला एक फौजी माणूस बसला होता ही कल्पनाच मला फार आवडते. खडखड कोरड्या वस्तूंची आणि खळखळ पाण्याची, हे मराठी पोराला कुणी शिकवत नाही. मोल्सवर्थला ते कान लावून शिकावं लागलं असणार. आमच्याकडे तर यात आणखी एक घोळ आहे. तेलुगूत पाणी गलगल वाहतं आणि मराठीत खळखळ. आमच्या गावच्या ओढ्याने काय करावं? लहानपणी मी ठरवून टाकलं होतं की तो पावसाळ्यात खळखळ वाहतो आणि पाऊस ओसरला की गलगल.

आणखी एक गोष्ट. कोशात शिष्ट शब्द आणि खेडवळ शब्द यांच्यात भिंत नाही. संस्कृतातून आलेला शब्द, फारसीतून आलेला, अरबीतून आलेला, ज्याचं मूळ सांगता येत नाही असा, सगळे अक्षरांच्या ओळीत उभे. वावर तिथेच. आमच्या घरी जेवायला बोलावणं याला आवतण म्हणतात, तेही तिथेच. आजी ज्याला लेकरू म्हणते ते तिथे जुन्या वळणाने, अनुस्वार देऊन उभं आहे. शब्द कोकणातला असेल तर तो तसं सांगतो, कवितेतच येणारा असेल तर तेही सांगतो. पण बाहेर उभं करत नाही.

भाबडेपणा नको, म्हणून पुढचंही लिहिते. कितीतरी शब्दांवर त्याने हलक्या लोकांचा किंवा ग्राम्य असा शिक्का मारलेला आहे, आणि तो मारताना शास्त्र्यांचं नाक किती मुरडलं गेलं असेल ते कळतं. शेतकऱ्याचा, धनगराचा, बाईमाणसाचा शब्द कोशात आला खरा, पण बहुतेक वेळा ब्राह्मण पुरुषाच्या कानातून आणि इंग्रज पुरुषाच्या लेखणीतून. म्हणींमध्ये तर जातींबद्दल आणि बायकांबद्दल असं काही काही आहे की वाचताना अंगावर काटा येतो. त्याने ते गाळलं असतं तर कोश सोज्वळ झाला असता आणि त्या काळची माणसं एकमेकांना काय म्हणत होती ते आपल्याला कळलं नसतं. माझ्या मैत्रिणीचं मत यावर वेगळं आहे, आणि आमचा वाद अजून मिटलेला नाही. मला वाटतं, शिक्का मारून का होईना, त्याने शब्द आत घेतला. माझ्या परीक्षकांनी तोच शब्द रेघ ओढून बाहेर काढला होता.

रविवारच्या पुरवणीत दोन चित्रांतले फरक ओळखा असं कोडं असतं. मोल्सवर्थच्या बाबतीत ते कोशाच्या मुखपृष्ठांवर खेळता येतं. १८३१च्या आवृत्तीवर तो कॅप्टन मोल्सवर्थ आहे. १८५७च्या आवृत्तीवर नुसता जे. टी. मोल्सवर्थ. मधल्या काळात हुद्दा कुठे गेला?

हुद्दा त्याने स्वतःच सोडला. ख्रिस्ती माणसाने शस्त्र हाती धरून पोट भरावं हे त्याच्या विवेकाला पटेना. म्हणून त्याने सैन्यातल्या पदाचा राजीनामा दिला, आणि त्या नोकरीचं निवृत्तिवेतनही नको म्हणाला. पुष्कळांना नोकरी सोडावीशी वाटते; पेन्शन सोडणारा मी तरी दुसरा ऐकला नाही. आमच्या ओळखीत शिक्षकीतून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. माझ्या मनात मात्र हा राजीनामा आणि तो कोश वेगवेगळे राहत नाहीत. ज्याला एकेका शब्दाचा नेमका अर्थ लावल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला शेजाऱ्यावर प्रीती करा या आज्ञेतल्या शेजारी शब्दाचाही अर्थ लावावाच लागणार. तो अर्थ लावल्यावर बंदुकीचं काय करायचं, हा प्रश्न त्याच्यापुढे आला असेल. हा माझा तर्क आहे, त्याने असं कुठे लिहिलंय असा माझा दावा नाही.

प्रकृती ढासळल्यामुळे १८३६ साली तो इंग्लंडला परतला. इंग्रजी-मराठी कोशाचं काम त्याने आखून सुरू केलेलं होतं, ते टॉमस कँडीने पुरं केलं आणि १८४७ साली तो कोश निघाला. इथे कथा संपली असती तरी चाललं असतं. तब्येत गेलेली, हुद्दा सोडलेला, स्वतःच्या देशात सुखाने बसलेला माणूस. पण मुंबई सरकारला मराठी-इंग्रजी कोशाची सुधारलेली आवृत्ती हवी होती आणि त्यासाठी त्यांना मोल्सवर्थच हवा होता. १८५१ साली, छप्पन्नाव्या वर्षी, तो पुन्हा आला. तेव्हाचा जहाजाचा प्रवास, तेव्हाची औषधं आणि इथला उन्हाळा यांचा विचार केला की हे येणं साधं वाटत नाही. आणि आला तो जुनं पुस्तक दुसऱ्यांदा करायला! लेखकांना विचारा, याहून कंटाळवाणं काम नसतं. त्याने त्यात आणखी सहा वर्षं घातली.

दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापून निघाली. नऊशेहून अधिक मोठी पानं, शब्द सुमारे साठ हजार. उत्तरेत त्याच वर्षी उठाव पेटला होता, आणि मुंबई विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची. कोशाला डॉ. जॉन विल्सनचा मराठी भाषेवरचा मोठा निबंध जोडलेला आहे. विल्सन कॉलेज ज्याच्या नावाचं आहे तोच हा. मोल्सवर्थ तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. इथले लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणत असं सांगतात, आणि मला हे नाव कॅप्टनपेक्षा शोभून दिसतं. एक हुद्दा त्याने परत केला, दुसरा लोकांनी दिला. काम संपवून तो पुन्हा इंग्लंडला गेला आणि १८७१ साली तिथेच वारला.

त्याच्यानंतर कोशाचं काय झालं, त्यात आपल्या ख्रिस्ती मराठी साहित्याचा एक धागा आहे. एवढा मोठा ग्रंथ शाळेच्या पोराला परवडणार कसा? तेव्हा बाबा पदमनजींनी त्याची संक्षिप्त आवृत्ती केली, ती १८६३ साली निघाली. बाबा पदमनजी म्हणजे यमुनापर्यटनवाले, ज्यांची कादंबरी आपल्याला पहिल्याच सत्रात असते. तारखा जुळवायची मला खोड आहे, म्हणून हे लक्षात आलं: बाबांचा जन्म १८३१चा, म्हणजे कोशाच्या पहिल्या आवृत्तीच्या वर्षातला, आणि यमुनापर्यटन १८५७चं, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीच्या वर्षातलं. याचा अर्थ काही नाही. पण शब्दकोड्यात उभा आणि आडवा शब्द एकाच चौकोनात जुळला की जसं बरं वाटतं तसं वाटलं.

पुढे दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. तरीही मोल्सवर्थ अडगळीत गेला नाही. १९७५ साली पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने तो पुन्हा छापला, आणि शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर खुला केला आहे. माझ्यासारखीला तो मिळाला तो तिथेच, फुकटात, बसमध्ये बसल्या बसल्या.

वापरून बघणार असाल तर एक सूचना करते. शोध घेताना आजचं शुद्धलेखन विसरा. तेव्हाचे अनुस्वार आपल्याकडे आता उरलेले नाहीत. कोडं शोधायचं तर कोडें, नाव शोधायचं तर नांव. कुठल्या अक्षरावर टिंब असेल ते ओळखणं हेच अर्धं कोडं, आणि अंदाज बरोबर निघाला की जो आनंद होतो तो मी इथे लिहून सांगू शकत नाही. पहिल्या दिवशी मी नाकात बोलणाऱ्या माझ्या मामाचे उच्चार आठवले आणि सहापैकी चार शब्द लगेच सापडले.

गेल्या सुट्टीत मी मोबाइल घेऊन आजीच्या खाटेजवळ बसले. ती आता फार उठत नाही, पण कोडी घालायची खुमखुमी आहे तशी आहे. ती एक शब्द सांगायची, मी शोधायचे. सापडला की तिला वाचून दाखवायचे. इंग्रजीतला अर्थ मराठीत करून सांगितला की ती मान डोलवायची, कधी म्हणायची साहेबाला बरोबर कळलंय, कधी म्हणायची अर्धंच कळलंय. दुपारभरात आम्ही चाळीसेक शब्द पाहिले. बरेचसे निघाले. जे निघाले नाहीत ते वहीच्या मागच्या पानावर उतरवले. त्यांतले काही बहुधा तिच्या माहेरचे, काही गोंडीतले असतील, आणि काही सरळसरळ तेलुगू, जे आमच्या तोंडात बसून बसून मराठी झालेत. कोडी मात्र सापडली. अर्थात कोंबडी म्हणून नव्हे.

चारूही सापडला. मोल्सवर्थकडे चारु म्हणजे सुंदर, संस्कृतातून आलेला. आमच्याकडे चारू म्हणजे चिंचेचं पातळ, तिखट, आजारी माणसाला भातावर वाढतात ते. आजीला मी सुंदर हा अर्थ सांगितला तेव्हा तिने तो लगेच मान्य केला आणि म्हणाली, चव घेतली असेल साहेबाने.

वहीत आता सत्तावीस शब्द झालेत. प्रत्येकापुढे मोल्सवर्थच्या पद्धतीने लिंग लिहायचं मी ठरवलंय, आणि काम तिथेच अडलंय. पप्पा म्हणतात तो चारू. आई म्हणते ते चारू. आजी कधी तो म्हणते, कधी ते, आणि विचारलं की म्हणते आधी वाढ, मग सांगते.